निळे पडलेले डॉक्टर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या बेरंगी भाच्याचा साष्टांग दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो की तू, हे मागच्या पत्रावरून नीट कळलं नाही. आतोबांचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर निदान ते औषध बाटलीतून कुंडीत ओतायचे तरी थांबले असतील. आम्ही इकडे ठणठणीत. माझी नोकरीही आता ठणठणीत आहे, पण मध्ये एक दिवस तिची धुगधुगीच काय ती उरली होती.

तुला माहीत आहे, आमची कंपनी रुग्णालयांसाठी पडदे बनवते. (खिडकीचे नव्हेत गं. कापड कोणतं वापरता, असं तू दोनदा विचारलंस. हे भिंतीवरचे, टीव्हीसारखे. कुणाचा नंबर, कुठली खोली, कोण डॉक्टर, ते त्यावर उजळतं.) एका मोठ्या रुग्णालयाच्या पडद्याला रंग द्यायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. यात ब्रश नाही, बादली नाही. पडद्यावर चित्रं काढण्यासाठी कुणी तरी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संच मिळतो, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो (पुस्तक एकही नाही). तिला तीन आकडे सांगायचे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्य म्हणजे थेंबभरही नको, दोनशे पंचावन्न म्हणजे ओत सगळा. तिन्ही शून्य दिले की काळोख, तिन्ही भरभरून दिले की पांढराशुभ्र.

आता पुढचं बसून वाच. तू चाळीस वर्षं सूत रंगवलंस. लाल आणि हिरवा कालवला की चिखल होतो, हे तूच मला माझ्या नव्या सदऱ्यावर सिद्ध करून दाखवलं होतंस. मी लाल भरून दिला, हिरवा भरून दिला, निळा शून्य. पडदा झाला लख्ख पिवळा! मी खुर्चीतून उठलोच. घरी येऊन हिला मोबाइलवर तोच चमत्कार दाखवला. ही भाजी चिरत होती, तिच्या ओल्या बोटाचा एक थेंब काचेवर पडला, आणि ती त्या थेंबात डोकावून म्हणाली, "अहो, इथे पिवळं काहीच नाही." मीही वाकलो. खरंच! थेंबाखाली मोहरीहून बारीक ठिपके होते, काही लाल, काही हिरवे, आणि पिवळा औषधालाही नाही. मग मघाशी दिसला तो पिवळा होता कुठे? आम्ही दोघं अर्धा तास थेंब पाडत बसलो (गॅसवरची आमटी करपली). शेवटी ही म्हणाली, तो आपल्या डोक्यात होतो. मला हे अजून पचलेलं नाही. तुला पचतंय का, ते कळव.

असो. सोमवारी सकाळी पडदा लावला. तातडीच्या रुग्णाचा नंबर लाल, सावकाश बघायच्या रुग्णाचा निळा, असं ठरलं होतं. कचेरीतल्या यंत्रावर सगळं बिनचूक दिसलं होतं. रुग्णालयातल्या यंत्रावर लायब्ररी वेगळी होती, पण मी म्हटलं, लाल तो लालच. पडदा उजळला आणि वरच्या रांगेतल्या फोटोंतले सगळे डॉक्टर निळे! कपाळ निळं, गाल निळे, हसू निळं. छातीच्या डॉक्टरांचा फोटो सगळ्यांत मोठा. एक आजी त्याच्याकडे बघून उठल्याच. म्हणाल्या, "यांनाच श्वास पुरत नाही, ते माझा काय तपासणार?" मलाही हसू आलं, आत्या, खोटं कशाला बोलू.

पण ते हसू टिकलं नाही. पायाच्या कुरुपासाठी आलेल्या एका गृहस्थांचा नंबर लालभडक झाला, म्हणून सिस्टरनी त्यांना चाकांच्या खुर्चीत घालून पळवलं (ते बिचारे बूट हातात घेऊन ओरडत होते, की मी चालतो!). आणि छातीत कळ येत होती ते आजोबा निळा नंबर बघून गुपचूप बसून राहिले. नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या मावशींचं त्यांच्या चेहऱ्यावरच्या घामाकडे लक्ष गेलं. त्यांनी खिडकी टाकली आणि हाताला धरून आजोबांना आत पोचवलं. वेळेवर पोचले, आता बरे आहेत. रंग म्हणजे शोभा, एवढंच मी तोवर धरून चाललो होतो.

मी तारा हलवतोय, यंत्र बंद-चालू करतोय, तेवढ्यात मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिरवा जागचा हललेला नाही. पांढराही ठीक आहे. फक्त लाल आणि निळ्यानं खुर्च्या बदलल्यात." मी माहितीपुस्तिका उघडली, तर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ: क्रम निळा, हिरवा, लाल. ही लायब्ररी उलटीकडून मोजते! दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि डॉक्टरांच्या अंगात रक्त आलं. उलटा क्रम का, म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पूर्वीपासून तसंच आहे." एवढ्या नव्या धंद्यातही पूर्वीपासून असतं, याची मला भारी गंमत वाटली.

आतोबांना नमस्कार. तुझ्या गुडघ्यालाही.

तुझा,
भाचा

ता. क. छातीच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मी राजीनाम्याच्या तयारीनं गेलो. त्यांनी दार लावलं आणि हळूच विचारलं, निळ्यात केस जरा दाट दिसत होते, तेवढे केस निळे ठेवता येतील का?

ता. क. २. खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. आमच्या धाकटीसाठी तू निळी म्हणून पाठवलेली शाल मिळाली. फार ऊबदार आहे. पण आत्या, ती हिरवी आहे. मी हिला विचारलं, शेजारी विचारलं, शेवटी मावशींनाही नेऊन दाखवली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. गुरुवारी अकराचा नंबर घेऊन ठेवलाय. आतोबांना फोन केलाय, ते तुला घेऊन निघणार आहेत. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. शाल धाकटी अंगावरून काढत नाही.