एका चिठ्ठीवर दोन नावं

सर, तुम्हाले जाऊन कित्येक वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. म्हणून लिहून राह्यली. हे टपालात टाकायचं नाही, तेव्हा जपून लिहायची गरजही नाही.

साठ सालाच्या आसपास बोरी अरबच्या शाळेत मी नववीत होती. नागरिकशास्त्राच्या तासाले तुम्ही सांगितलं, जुन्या अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्ष सरळ निवडत नव्हते. राज्याराज्यात निर्वाचक, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मत देणारे, नेमले जायचे अन् प्रत्येक जण दोन नावं लिहायचा, कोणतं कोणत्या खुर्चीसाठी ते न सांगता. जास्त मतांचा राष्ट्राध्यक्ष, त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. मग खडू झटकून म्हणालात, आपला मॉनिटर असाच निवडू. माझे अब्बा पंप दुरुस्त करत. तुमच्या विहिरीवर, तुमच्यासमोरच ते मले म्हणाले होते, "मॉनिटर झाली तर मॅट्रिकपर्यंत शीक, नाही तं निकाह." तुम्हाले सारं ठाऊक होतं.

पाच रांगांचे पाच निर्वाचक. पाचही चिठ्ठ्यांवर दोनच नावं निघाली, पाटलाच्या पोराचं अन् माझं; दोघांले पाच-पाच मतं. मी तं हवेतच होती. तुम्ही म्हणालात, अमेरिकेतही एकदा असंच झालतं; खालच्या खुर्चीसाठी मनात धरलेला माणूस बरोबरीत आला अन् निकाल प्रतिनिधिगृहानं लावला. "इथं गृह म्हणजे मी." किती खुशीत होते तुम्ही. मग त्या पाचही जणांले एकेक करून माझ्यापुढं उभं केलं. "मनात पहिलं कोण होतं? हिच्याकडं पाहून सांग." पाचही जणांनी त्या पोराचंच नाव घेतलं. शेवटची माझ्याच बाकावरची मैत्रीण, तिनं रडत रडत घेतलं.

"पाह्यलं? तू नुसती जागा भरायले होती."

"सर, चिठ्ठीवर तं पहिलं-दुसरं नसते. तुम्हीच सांगितलं."

"म्हणून तं अमेरिकेनं नियम बदलला, दोन खुर्च्यांची मतं वेगळी केली," तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखे चुकून वर येऊ नये म्हणून. उपमॉनिटर चालते का, इचार तुह्या बापाले." सारा वर्ग हसला.

अब्बाले नाही चाललं. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझी शाळा संपली अन् राजूरच्या कोळसा खाणीतल्या एका फिटरशी निकाह झाला. नवरा भला निघाला, पण त्यात तुमचा काही हात नाही.

तुम्ही मेल्याची खबर माझ्या भावानं आणली. शेवटी तुमची जीभ लुळी पडली होती म्हणे, पाणीही मागता येत नव्हतं. मी त्याच्याकडून ते दोनदा सांगून घेतलं. मग शेवया केल्या अन् अख्ख्या चाळीत वाटल्या. शेजारीण म्हणे, "काहून वं, कोणी पास झालं का?"

"हो," म्हटलं, "मी."