लॅपटॉपला झबलं

त्लाकोताल्पान,
कांदेलारियाच्या सणानंतरचा सोमवार

चिरंजीव गिल्दार्दो यास नीकानोर मामाचे आशीर्वाद. शिकागोच्या थंडीत तुझी तब्येत बरी असेल, खोकला गेला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं भावंडं ठीक. संतापलेला मी एकटाच, आणि पत्र हाताने का लिहितोय ते पुढे कळेलच.

लॅपटॉप पाठवलास तेव्हा सोबत सूचनाही धाडल्यास, की नीट जपला तर वर्षानुवर्षं टिकेल. त्या मी भिंतीवर डकवल्या आणि अक्षरशः पाळल्या. गादीवर ठेवू नये, खालची भोकं मोकळी राहावीत, म्हणून माझं डॉमिनोचं टेबल त्याला दिलं (आम्ही मित्र आता पिंपावर खेळतो). जवळ खाऊपिऊ नये, म्हणून माझी कॉफी अंगणात गेली. नदीकाठचा दमटपणा लागू नये, म्हणून घरातला एकुलता पंखा त्याच्याकडे वळवला आणि मी घामाने निथळत बसलो. बायकोचे एवढे लाड केले असते तर ती सोडून गेली नसती.

आणि तुझी आई? तिने त्याला झबलं शिवलं! कांदेलारियाला घरोघरचा बाळ येशू नवे कपडे घालून चर्चमध्ये आशीर्वादाला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यंदा बाळाच्या कपड्यातून साटिन उरलं, त्याचं ताईने लॅपटॉपला झबलं केलं, वर लेस लावली, आणि ते अंगावर असतानाच ती त्याला चालू करायची. सगळी भोकं बंद! आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतोय, आणि ही म्हणते, गारठतो रे तो. मी झबलं काढायचो, ती घालायची. कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

सणाच्या दिवशी कहर झाला. टोपलीत एका बाजूला बाळ येशू, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, मध्ये मेणबत्ती, अशी स्वारी भर रस्त्याने निघाली. औषधांच्या दुकानातली दोन्या रेमेदियोस तोंड दाबून हसत होती. मी चार पावलं मागे, ओळखपाळख नसल्यासारखा. रांग सरकली. फादर ओनोरातोंनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय आणलंस, एर्मेलिंदा?"

"मुलगा आहे माझा, फादर. रविवारी चारला येतो."

आता त्या म्हाताऱ्याने हसावं, दटावावं, काहीतरी करावं की नाही? त्यांनी टोपी काढली आणि ओंजळभर पाणी शिंपडलं! तेही उघड्या लॅपटॉपवर (ताईनेच उघडला, तुझ्या चेहऱ्यावर पडावं म्हणून). पाण्यापासून जपा, ही तुझी पहिलीच सूचना. मी तिथेच बोलणार होतो, पण धुपाचा धूर फार होता, मी बाहेर निघून आलो.

तेव्हापासून तो मेलेला. दुरुस्तीवाल्याने उघडून वाळत घातलाय आणि फार आशा धरू नका म्हणालाय. एवढं जपून हे फळ!

तुझा,
नीकानोर मामा

ता. क. नवा पाठवू नकोस. तू दोन-दोन नोकऱ्या करतोस, कागदपत्रं होईपर्यंत तुला येता येत नाही, हे कळतं आम्हाला. फक्त रविवारी चारला दोन्या रेमेदियोसच्या फोनवर ये. काल ताई केस विंचरून, कानांत डूल घालून त्या रिकाम्या टेबलासमोर अंधार पडेपर्यंत बसली होती.

ता. क. दुसरा. शेजारी मीही होतो. तिला सोबत म्हणून. शर्ट इस्त्रीचा होता, तो आपला सहज.