तीन थरांचा पट्टा

माले, सोमवार

प्रिय धम्मदीपा,

जय भीम. बापाचं पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आई तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी पलीकडे बसून ऐकतो आणि ऐकत नसल्यासारखं करतो. तिच्याकडूनच कळलं, की तुला कारखान्यात पक्की नोकरी मिळतेय, पण ते आधीच्या कामाचा दाखला मागतायत, आणि तो मागायला तू आमच्या खडीच्या क्रशरवर पाऊल टाकणार नाहीस. डिप्लोमाला पहिली आलेली पोरगी, सव्वा वर्ष महाळुंग्यात बिल्डरच्या ऑफिसात लोकांना फ्लॅट दाखवतेय.

काल खडी वर नेणारा मोठा पट्टा बदलला. तुला माहीतच आहे, त्याचे बाजूचे रोलर इतके उभे आहेत, की पट्टा खोल पन्हळीसारखा पोट सोडून बसला तरच खडी सांडत नाही. जुन्याच्या कडांच्या पार चिंध्या झाल्या होत्या. त्याच्या आधीचा सहा वर्षं चालला होता, हा सव्वा वर्षात गेला. सकाळी जुना कापला, त्याच्या टोकाला नव्याचं टोक बांधलं आणि जुन्याकडूनच नवा ओढून घेतला. मग जोड. पट्ट्याच्या आतले कापडाचे थर पायऱ्यांसारखे सोलले, चिकटवायचं सोल्यूशन लावलं, गरम दाबाखाली ठेवलं. माझ्या हाताखालचा फिटर कौस्तुभ सारखा घाई करत होता. पार थंड होईस्तोवर मी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या जोडात कधी खोट निघाली नाही, एवढं तूही मान्य करशील. बाकीचं राहू दे.

रिकामा पट्टा फिरवला आणि मी वाकून खालून बघितलं. तीन थरांचा हा पट्टा नवाकोरा असूनही मधल्या रोलरला अंगभर टेकला होता. मागचा, तू इथे होतीस तेव्हा बसवलेला, टेकला नव्हता. बाजूच्या रोलरांवर फळीसारखा ताठ राहिला, आणि तू त्याच्याखालून वर्तमानपत्र सरकवलंस ते आरपार गेलं. तेव्हाही तू तीन थरांचाच सांगितला होतास. जाड तेवढा टिकाऊ, या माझ्या तीस वर्षांच्या शहाणपणानं मी पाच थरांचा मागवला, तुला न विचारता. तो भरल्यावर एका अंगाला पळायला लागला, खडी सांडली, खाली खडी भरणाऱ्या लीलाबाईच्या पायावर दगड पडला. मालक हैबतराव तावातावाने आले, पाच थर कुणी ठरवले म्हणाले. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. चार माणसांत बापाचं नाक कापायला नको म्हणून गप्प राहिलीस आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस.

काल हैबतरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुमाला, कोंडीराम. तीन थरांची अक्कल तुमचीच!" मी हसणार होतो, खोटं कशाला सांगू. पण मला ते झेपलं नाही. म्हणालो, "अक्कल पोरीची हाय. तवा बी तिचंच बरोबर हुतं. म्याच खोटं बोललो." लीलाबाई म्हणाली, "मालकाला सांगून काय उपेग, दादा? पोरीला सांगा की!" आजपासून कौस्तुभ हेडफिटर आहे, मी त्याच्या हाताखाली. वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलं.

दाखला सोबत जोडलाय. मालकांनी आधी 'काम चांगले' एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, असं न्हाई, तेव्हा पोरगी काम सोडून गेली ती का, आणि चूक कुणाची होती, तेही लिहा. त्यांनी लिहिलं. चूक करणारा म्हणून खाली माझं पूर्ण नाव आहे. तुझंच आडनाव बघून ते लोक विचारतील, हे तुमचे कोण. तू पुन्हा गप्प राहशील, दाखला घडी घालून ठेवून देशील, मी ओळखतो तुला. म्हणूनच हे लिहायला बसलो. बाप आहे म्हणून सांग. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझाच,
बाबा