गोष्ट सांगायची, घर सांगायचं नाही

९ ऑक्टोबर, सोमवार

परवोनाने आज आमच्या घरातली गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. नाव घेतलं नाही. पण आमचीच.

विद्यापीठाच्या नाट्यगटाच्या तालमीला गोल करून बसलो होतो. यंदाचं नाटक आम्ही स्वतःच उभं करायचं ठरलंय, लिहिलेलं काही नाही. म्हणून गट चालवणाऱ्या दिलोवर आकाने प्रत्येकाला एक काम दिलं होतं — जिचा माणूस रशियात कामाला गेलाय अशा एखाद्या बाईकडून एक खरी गोष्ट आणायची. नियम एकच : गोष्ट सांगायची, घर सांगायचं नाही. आणि दुसऱ्यांनी विचारायचंही नाही.

मी एका भाजीवालीची आणली. नवरा तिला दर ईदेला शाल पाठवतो. मिळमिळीत. मुद्दामच तसली शोधली होती.

मग परवोनाची पाळी. मान खाली घालून म्हणाली, "एका बाईला नवऱ्याचा फोन आला. ती तंदूरपाशी नान लावत होती. त्याने तीनदा तलाक म्हटलं. तिने उरलेले नान लावले, सगळ्यांना जेवायला वाढलं. अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. माणूस पैसे पाठवतो असंच म्हणते."

दोन वर्षांपूर्वी बाबांचा फोन आला तेव्हा आई तंदूरपाशीच होती. हात पिठाचे, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. मी मागे परात घेऊन उभी. हे आईला ठाऊक आणि मला. धाकट्या सुमय्यालाही आम्ही सांगितलेलं नाही. मग परवोनाला सांगितलं कुणी?

१० ऑक्टोबर

झोप नाही. लिहून तरी बघते.

हे अंगण आजोबांचं. आता कारभार हबीबा आत्याचा, बाबांच्या थोरल्या बहिणीचा. चार वर्षांपूर्वी सासरचं घर दुरुस्तीला काढलं म्हणून ती इथे राहायला आली, ती अजून आहे. आतोबा रशियात, नोवोसिबिर्स्कला कामाला. घर काय बांधताहेत की राजवाडा, देव जाणे. आत्याचं तोंड म्हणजे मिरचीचं वाण. आई कपडे वाळत घालते त्यातही तिला खोट दिसते.

आई या अंगणात राहते ती बाबांची बायको म्हणून. बायको नाही म्हटल्यावर तिचं इथे काय? मागच्या गल्लीतल्या झुल्फियाला सासरच्यांनी लेकरांसकट माहेरी पोचवलं, रजया-गाद्या एका गाडीत टाकून. आईला तर माहेरही नाही. मामाच्या दोन खोल्यांत आधीच नऊ माणसं.

म्हणून आई दिवसभर शिवणयंत्रावर बसते आणि त्या कमाईतून अधूनमधून रशियन चहा आणते. "आपा, तुमच्या भावाने पाठवलाय." आत्या डबा उलटापालटा करते, ठेवून घेते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि ही परवोना मूठ उघडायला निघाली.

१३ ऑक्टोबर

आठवलं. त्या उन्हाळ्यात परवोना आमच्याकडे जर्दाळू वाळवायला येत होती. आठवडाभर तरी. फोन आला त्या दिवशी होती का? होती असं वाटतंय. नव्हती असंही वाटतंय. आज तिला सहज विचारलं, "ती बाई तुला भेटली कुठे गं?"

"मुनिरा, नियम आहे ना."

नियम! मांजर डोळे मिटून दूध पितं तशी दिसत होती.

१७ ऑक्टोबर

सगळ्या गोष्टींमधून दिलोवरने नेमकी तिचीच निवडली. आणि बाईचं काम मला दिलं.

मलाच का? आठ मुली आहेत गटात. विचारलं तर म्हणाला, "तुला जमेल म्हणून. फोन उचलताना तू खरोखर घाबरतेस, तेवढंच ठेव. बाकीचं शिकवतो." हसत होता. बाकीचेही. कशाला हसत होते?

परवोनाने नवऱ्याचं काम मागून घेतलं. पडद्यामागून नुसता आवाज. तलाक म्हणते तेव्हा तिचा आवाज बाबांसारखा येतो. मुद्दाम काढते की मलाच तसा ऐकू येतो?

२० ऑक्टोबर

आत्याने चॉकलेटचा डबा दिला. "तुझ्या आतोबांनी पाठवलाय, पोरींनो, जपून खा." डब्याच्या तळाला आपल्याच पंजशनबे बाजारातली किमतीची चिठ्ठी! आतोबांचा चांगला डबा स्वतःच्या ट्रंकेत आणि आमच्या तोंडाला हा. सुमय्या चिठ्ठी काढून खिडकीला चिकटवत होती. कंजूष ते कंजूष, वर ऐट.

आईला सांगितलं तर म्हणाली, "देतेय ना? खा आणि गप बस."

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आता माझी खात्रीच पटली.

वाऱ्याने वीज गेली म्हणून तालीम लवकर आटपली. घरी आले तर फाटकात परवोना उभी. आणि आत्या तिचा हात हातात धरून काहीतरी सांगतेय. आत्या! जिने सख्ख्या भाचीचा हात कधी धरला नाही. मला बघितल्याबरोबर दोघी गप्प.

"तुला शोधत आले होते," परवोना म्हणाली.

"तालमीत दोन तास तुझ्यासमोर होते की."

आत्या मध्ये पडली, "पाहुणीला दारात कसले प्रश्न विचारतेस? चहा टाक." आणि परवोनाला चहा न घेताच जायची घाई.

म्हणजे नुसतं नाटकात घालून भागलं नाही. थेट आत्याच्या कानात ओतायला आली. आणि आत्याही पक्की. संध्याकाळभर आईशी गोड. लोणच्याला किती मीठ घालू विचारत होती. आईला! इतकी वर्षं आईचं मीठ कमी किंवा जास्तच असायचं. पाणी कुठेतरी मुरतंय.

२६ ऑक्टोबर

परवोनाला विद्यापीठाच्या मागे, चिनारांखाली गाठलं. मनात होतं ते सगळं बोलले.

"आमच्या दाराला कान लावून बसलीस, तो माल नाटकात विकलास, वर आत्याकडे चुगली. तुला काय मिळालं गं?"

ती हळू म्हणाली, "तुमच्या दाराला? मुनिरा, तुला काय वाटतंय ते मला कळत नाहीये."

"मग सांग ना, कुणाची गोष्ट आहे ती."

"नाही सांगणार."

"कारण माझ्या तोंडावर सांगायची हिंमत नाही."

"कारण मी तिला शब्द दिलाय."

"तुझ्यासारखीने शब्दाच्या गोष्टी करू नयेत."

रडली. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण चोराचे अश्रू म्हणून झटकून टाकलं. शाळेच्या पहिल्या वर्गापासून एका बाकावर बसायचो आम्ही.

२७ ऑक्टोबर

तालमीत तिचा तलाक आज नुसता वाचल्यासारखा. दिलोवर तिलाच ओरडला.

३१ ऑक्टोबर

आणखी एक. हे नाटक घेऊन मुलांची कार्यशाळा करायची आहे, ती आमच्याच महल्ल्यातल्या शाळेत ठरली. सुमय्याच्या आठवीच्या वर्गापुढे, पालकांना बोलावणं. आम्ही प्रसंग करून दाखवायचा. ज्या मुलाला वाटेल त्याने टाळी वाजवायची, की आम्ही जागच्या जागी थांबायचं. मग त्याने पुढे येऊन आमच्यापैकी एकाची जागा घ्यायची आणि आपल्या मनासारखं करून दाखवायचं.

दिलोवरला म्हटलं, आमच्या शाळेत नको. "का? तुझ्याच लोकांसमोर लाज वाटते?"

हो म्हटलं तरी अडकले, नाही म्हटलं तरी.

घरी आत्याने विचारलं, "शुक्रवारी किती वाजता?" मखमलीचा झगा काढून उन्हात टाकलाय तिने. आई शिवणाचं निमित्त करून येणार नाही. आईला नाटकातलं मी काही सांगितलेलं नाही. कसं सांगू?

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं संपलं. जमेल तसं लिहिते.

शाळेचा हॉल भरलेला. पुढे मुलं, मागे आया, आज्या. आत्या भिंतीशी, मखमल घालून, तोंड शिवल्यासारखं. मी खोट्या तंदूरपुढे वाकले. पडद्यामागून परवोनाचा आवाज — तीनदा. मी फोन छातीशी धरून रडायचं, असं बसवलेलं. रडू येईना. नुसती भीती वाटत होती.

टाळी वाजली.

दुसऱ्या रांगेतून सुमय्या उठली. मी डोळ्यांनी दटावलं, बस खाली! ती सरळ वर आली, माझ्या हातातून फोन घेतला, माझ्या डोक्यावरचा रुमाल काढून स्वतःला बांधला. मला नियमाप्रमाणे बाजूला व्हावं लागलं.

"ऐकलं," ती फोनमध्ये म्हणाली. "एकदा म्हणालात तेव्हाच ऐकू आलं होतं. नान करपताहेत, जास्त बोलता येणार नाही." मुलं हसली. तीही जरा हसली. मग तिचा आवाज बदलला. "आई अजून तुमच्या नावाने चहा विकत आणते. तेवढं तरी आता तिला करायला लावू नका. आणि फोन करू नका, बाबा."

बाबा. नवऱ्याला बाबा म्हणाली ती.

कुणाच्या घरातलं आहे ते पोराटोरांनाही कळलं. दोन वर्षं आम्ही जिच्यापासून लपवत होतो, ती सगळं जाणून आमच्यापासून लपवत होती!

मग मागच्या रांगेतून दुसरी टाळी. एक जाडी मुलगी, मग एक उंच मुलगी, रांगच लागली तंदूरपुढे. दिलोवर म्हणतो अशी कार्यशाळा आजवर झाली नाही. मला त्यातलं काही दिसलं नाही. मी आत्याकडे बघत होते. ती उठली आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

बाहेर परवोना भेटली. काहीतरी बोलायला आली. "झालं ना तुझ्या मनासारखं?" म्हटलं आणि पुढे निघाले.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, रागावेल, रडेल. तिने फक्त विचारलं, "सुमय्या कुठे आहे?" तिला जवळ घेतलं, खूप वेळ. मग भिंतीशी रचलेल्या रजया एकेक करून खाली काढायला लागली. समोर आत्याच्या खोलीत दिवा नव्हता.

"तिने घालवायच्या आत आपणच निघू," आई म्हणाली. "तेवढा तरी मान राहील." कुठे जायचं ते मात्र बोलली नाही.

आत्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता. परवोनाचा त्याहून जास्त.

४ नोव्हेंबर

सकाळी आत्या आत आली. दार वाजवलं नाही. बांधलेल्या रजया पाहिल्या, गाठ सोडली.

आई म्हणाली, "आपा, आम्ही दुपारपर्यंत —"

"परवोनाला गोष्ट मी दिली," आत्या म्हणाली. "माझी. ती गोष्ट शोधत आली तेव्हा घरात कुणी नव्हतं, बोलून गेले. सासरचं कसलं घर नि कसली दुरुस्ती. चार वर्षं झाली त्या फोनला. तुझंही तेच आहे, हे काल पोरगी बोलली तेव्हा कळलं मला."

आणि रजया उचलून परत भिंतीशी रचायला लागली. आईने दुसऱ्या टोकाला हात लावला.