रग्बीसाठी मिळालेली रजा

दादा,

नमस्कार लिहिते, कारण आईने तसं वळण लावलंय.

रग्बीच्या उपांत्य सामन्यासाठी येतोस आणि बारा दिवस माझ्याकडे उतरणार, असं कळवलंस. हरेल तो संघ थेट घरी, म्हणून इथे सगळ्यांना आत्तापासूनच चेव चढलाय. समोरचा न्हावीसुद्धा गाल रंगवून बसतो. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत पाहुण्यांच्या लाल जर्सींचा ढीग पडतो. काल त्यातली एक चादरींत गेली आणि चाळीस चादरी गुलाबी झाल्या. बोलणी मी खाल्ली.

मागच्या वर्षी इस्त्रीच्या मशीनवर माझा हात भाजला, तेव्हा आठ दिवस तरी ये म्हणून लिहिलं होतं. तू म्हणालास, रजाच मिळत नाही. दीड महिना शेजारच्या बसड्रायव्हर बाई माझी वेणी घालत होत्या. आता हात बरा आहे. आईला यातलं काही बोलू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

मी दिवसभर कामावर असेन, म्हणून किल्ली त्याच बाईंकडे ठेवते. तू कोण, असं त्या विचारतील. मला भाऊ आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझी धाकटी