टिकलीच्या ओठांवरच्या खपल्या

४ मार्च
सुट्टीचा दुसरा दिवस. गोठ्यातून मावशीची हाक: "डॉक्टरीणबाई, आराम पुरे. टिकलीचं तोंड बघ."

टिकली म्हणजे मावशीच्या शेळीचं तीन आठवड्यांचं पिल्लू. ओठांच्या कडांवर जाड, तपकिरी खपल्या. एक उचलली तर खाली तुतीसारखं दाणेदार, लाल मांस. तिच्या आईला एकशे पाच ताप, सडांवर फोड, मांडीच्या आत चार कडक गाठी. ती टिकलीला पाजायला उभीच राहत नाही.

संशयित रोग दोन, दोन्ही विषाणूंचे. मावा बहुधा तोंडाशी आणि सडांशीच थांबतो, तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरतो. शेळ्यांची देवी मात्र तापासह अंगभर गाठी आणते, फुप्फुसात शिरते, आणि एवढी लहान पिल्लं तिच्यातून क्वचितच उठतात. ओठ म्हणतात मावा. ताप आणि गाठी म्हणतात देवी. शिकवायला किती सुंदर जोडी! फक्त टिकली वर्गातली नाही, मावशीची आहे.

५ मार्च
खपल्या बाटलीत घालून प्रयोगशाळेला पाठवल्या. अहवालाला दहा दिवस. मायलेकींना टोकाच्या खोलीत हलवलं.

मावशीला फरक समजावला, फरशीवर खडूनं आकृत्या काढून. पाऊण तास तिनं ऐकलं. मग म्हणाली, "एवढं शेळीला सांगितलं असतंस तर ती कंटाळून बरी झाली असती."

६ मार्च
माझं मत ठरलं: देवी. ताप आणि गाठी नजरेआड करता येत नाहीत. टिकली बहुधा जगणार नाही, हे मावशीला स्पष्ट सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि दूध कोमट करायला गेली.

जाता जाता विचारलं, "मला लागेल का गं हे?"

"शेळीची देवी शेळीतच राहते. माणसाला होत नाही. निर्धास्त राहा."

मी आणलेला हातमोज्यांचा डबा तसाच फळीवर राहिला. मावशी टिकलीला मांडीवर घेऊन बाटली पाजते आणि उघड्या बोटानं तिच्या ओठांना ग्लिसरीन लावते. मला लहानपणी ताप आला की अशीच बसायची.

८ मार्च
टिकलीनं अर्धी बाटली संपवली. मावशीनं मला दोनदा सांगितलं.

१० मार्च
आणखी दोन पिल्लांच्या ओठांवर खपल्या, पण ताप नाही, अंगावर एकही गाठ नाही. आईच्या मांडीवरच्या गाठी आज फुटल्या. आतून पू आणि एकीतून मोडका काटा निघाला. तिचा तापही उतरला. सगळं नोंदवलं. तरी अहवाल येईपर्यंत देवीच धरून चालणार. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

१२ मार्च
मावशीच्या तर्जनीला चिंधी.
"काय झालं?"
"सुई टोचली."
चष्मा हरवून महिना झालाय. ही सुई कधी ओवते?

१३ मार्च
जबरदस्तीनं चिंधी सोडली. बोटावर वाटोळा फोड: मध्ये लाल, भोवती पांढरं कडं, त्याबाहेर पुन्हा लाल. हे चित्र मी दर वर्षी वर्गात भिंतीवर दाखवते. शेळीची देवी माणसाला होत नाही. मावा होतो.

"कधीपासून?"
"तीन दिवस."
"आणि सांगितलं नाहीस?"
"तू इतक्या खात्रीनं सांगितलं होतंस गं. तुला खोटं कसं पाडू?"

बोट धुतलं, पट्टी बांधली, माझी चूक कबूल केली, फोड सहाएक आठवड्यांत जाईल म्हणून सांगितलं. तिचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे टिकली जगेल?"

"जगेल," मी म्हणाले. तेव्हा कुठे ती रडली. मी फळीवरचा डबा फोडला, हातमोजे चढवले आणि बाटली घेऊन टोकाच्या खोलीत गेले.