बिनजिभेची आजी

सोमवार, ४ तारीख

बोलायचं नाही म्हणे! मला! घशाच्या डॉक्टरने फर्मान काढलं आणि लेकाच्या तोंडावर असा आनंद पसरला की लपवता येईना मेल्याला. घशात गाठ होती, ती काढली. ठीक. पण जखम भरेपर्यंत, तो सांगेल तोपर्यंत, कुजबूजसुद्धा करायची नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल, म्हणाला. मी हातानेच विचारलं — हसलं तर? "तेही नको, आजी." मागून सून म्हणाली, "त्याची काळजी नाही, डॉक्टर."

ऐकलं मी. घसा कापलाय, कान शाबूत आहेत.

ही वही नातीने दिली. "तोंडाला येईल ते इथे ओत, आजी. आतल्या आत साठलं तर फुटशील." शाळा माझी चौथीपर्यंत, तीही अर्धी. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण वाचणार कोण? मीच. मला माझं अक्षर लागतं.

मंगळवार, ५ तारीख

दुकानात गेले. लाँड्री माझी आहे, मुकी झाले म्हणून घरी बसायला मी काय फुटकं भांडं आहे? इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले. कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ. हाताला बोलावं लागत नाही.

फोन मात्र वाजत राहिला. इतकी वर्षं तो मीच उचलते. गिऱ्हाईक विचारतं, उद्यापर्यंत होईल का? होणार असेल तर "होईल". नसेल तर "नाही". तिसरा शब्द नाही. लोक मला फटकळ म्हणतात, पण कपडे माझ्याकडेच टाकतात. आज सुनेने उचलला. तिचं "हॅलो" म्हणजे कुणाकडे उसनं मागायला गेल्यासारखं.

गुरुवार, ७ तारीख

नात यंत्रांना बोलायला शिकवते. त्याचा तिला पगार मिळतो. मी तिच्या बापाला फुकट शिकवलं, त्याची फळं भोगतेय.

म्हणाली, "आजी, तुझा आवाज यंत्रात घालते. फोन वाजला की ते तुझ्याच आवाजात बोलेल. तू बरी होईपर्यंत." मी मान हलवली. सुनेच्या हॅलोपेक्षा काहीही परवडलं.

शुक्रवार, ८ तारीख

नाही परवडलं!

गल्ल्याशेजारी एक डबी ठेवलीय. दोन्हीकडचं बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू येतं. सकाळी वकिलाचा फोन. तो नेहमीसारखा चढ्या आवाजात, माझा काळा कोट कुठे आहे, मला आजच्या आज हवाय. आणि डबीतून माझा आवाज — माझाच, खोट काढायला जागा नाही — "उगी, उगी. कोण रागावलं माझ्या राजाला? देते हं कोट. शहाणं माझं बाळ."

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. लेक वाफेच्या यंत्रामागे तोंड लपवून हसला.

नातीला बोलावून पाटीवर लिहिलं — हे काय? ती ओशाळली. यंत्राला शिकवायला माझं बोलणं हवं होतं, घरातल्या फोनांमध्ये शोधलं तर फक्त ती तान्ही असतानाचं सापडलं. मी तिला मांडीवर घेऊन बोलतेय, तेवढंच. "दुसरं रेकॉर्डिंगच नाही गं आजी! तू ओरडायला लागलीस की सगळे फोन बंद करायचे."

घ्या. म्हणजे माझ्या आवाजातला गूळ तेवढा ठेवला, मिरच्या सगळ्या फेकल्या.

वकील दुपारी स्वतः आला. एवढा धिप्पाड माणूस, मिशीत बोलला, "आजी, फोनवर तुम्ही... बरं वाटलं." आणि मान खाली घालून गेला.

रविवार, १० तारीख

गिऱ्हाईक वाढलं. हे लिहायचं नव्हतं.

मंगळवार, १२ तारीख

गूळ परवडला, पण ते यंत्र सगळ्यांना "हो" म्हणतं! हॉटेलवाल्याच्या ढीगभर चादरी सकाळपर्यंत? "होतील हं." दर्जीणबाईचा रेशमी झगा तासाभरात? "का नाही, राणी!" लेकाचे दंड भरून आले, सून माझ्याकडे असं बघते जणू मीच कबूल केलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. ह्याला तर जीभही नाही आणि टाळाही नाही. ह्याचं काय जातंय?

नातीला लिहिलं — त्याला "नाही" शिकव.

"आजी, नाही म्हणणारं यंत्र घेणार कोण?"

लिहिलं — मला घेतलं की तुझ्या आजोबाने.

गुरुवार, १४ तारीख

आज वाईट झालं.

थोरल्या जावेचा फोन आला. आम्ही दोघी कधीकाळी हे दुकान एकत्र चालवायचो. ती शिकलेली, म्हणून गल्ल्यावर. मी इस्त्रीवर. एका बड्या गिऱ्हाईकाचा कोट तिने जाळला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "धाकटीने जाळला, तिला कापडातलं काय कळतंय." मी जाळला नव्हता. ते तिलाही माहीत होतं. पुढे भाऊ-भाऊ वेगळे झाले, ती दुसऱ्या गावी गेली. तेव्हापासून बोलणं बंद. तिचे यजमान गेले, माझे गेले, तरी बंदच.

आणि आज डबीतून तिचा आवाज — "धाकटे, मी बोलतेय. फोन ठेवू नकोस."

माझा आवाज म्हणाला, "नाही ठेवत हं. बोल."

तार ओढून काढता आली असती. डबी हाताशीच होती. नाही ओढली. ऐकायचं होतं.

तिचा मुलगा परदेशी चाललाय, कायमचा. तिला म्हाताऱ्यांच्या घरात ठेवतोय. "जागा चांगली आहे म्हणे, बाग आहे. मी काय गाय आहे, बागेत सोडायला?" मग बराच वेळ ती बोलत होती, गुडघ्यांचं, मुलाचं, रिकाम्या खोल्यांचं. मग थांबली. "दुसरं दार मला माहीत नाही. तुझ्याकडे येऊ का?"

मी तोंड उघडलं. घशात सुरी फिरल्यासारखं झालं, आवाज आला नाही. आणि डबी बोलली —

"ये की. रडायचं नाही. इथे जागा आहे तुला. मी आहे ना."

"बरं," म्हणाली. फोन ठेवला.

इस्त्रीखाली शर्ट जळाला. माझ्या हातून! पहिल्यांदा!

शुक्रवार, १५ तारीख

घरात सभा. मी मुकी, बाकीचे सगळे वक्ते.

लेक : "मी फोन करून सांगतो, काकू, ते यंत्र होतं. आईला काही माहीत नव्हतं. संपलं."

सून : "घरात एक माणूस वाढणार, हे मला कुणी विचारलं?" खरं आहे तिचं. नाही विचारलं. मलाही नाही विचारलं.

नात : "आजी, तू मोकळी आहेस. तू बोललीच नाहीस. आवाज म्हणजे माणूस नव्हे, आवाज नुसती माहिती असते. आज कुणाचाही कुणीही काढू शकतो. लोकांना आता कळतं ते."

लोकांना कळतं? वकिलाला कळलं? तो अजून दिवसाआड उगाच फोन करतो.

मी पाटी हातात घेऊन बसले. काहीच लिहिलं नाही. लेकाला वाटलं, आई पटली. आई कधी पटलीय?

शनिवार, १६ तारीख

सकाळी लेकाने फोन हातात घेतला, नंबर शोधायला लागला. मी फोनवर हात ठेवला. लिहिलं — येऊ दे.

"आई! तुला ती डोळ्यांसमोर नको असते!"

अजूनही नको आहे. ती येणार, माझ्या चुका काढणार, माझ्या घरात माझ्यापेक्षा शुद्ध बोलणार. तिचं म्हातारपण मला निस्तरायचं नाहीये, माझं मला पुरे आहे. पण आवाज माझा होता. गिऱ्हाईक मला बघत नाही, फोनवर "होईल" ऐकतं आणि निर्धास्त झोपतं. त्या आवाजाला एकदा "तो मी नव्हेच" म्हटलं, की माझं प्रत्येक "होईल" तसंच. मग ते यंत्र आणि मी, फरक कुठे राहिला? ते म्हणतं आणि करत नाही. मी म्हटलंही नाही आणि करतेय. असू दे एवढा फरक.

सुनेपुढे पाटी वेगळी धरली — तुला विचारतेय. तिने दोनदा वाचलं. "तुम्ही मला विचारलंत?" म्हणाली. मग म्हणाली, "सामानाची खोली मोकळी करावी लागेल."

नातीला हुकूम — त्या यंत्राने यापुढे एकच बोलायचं, "दुकानात या." हो नाही, बाळ नाही, राजा नाही.

बुधवार, २० तारीख

सामानाची खोली म्हणजे न्यायला न आलेल्या कपड्यांची खोली. कोट, परकर, शाळेचे गणवेश, एक लष्करी पँट. धुऊन, घडी करून ठेवलेले. मालक मेले, वाढले, जाड झाले, देव जाणे. आज सगळं खोक्यांत बांधलं. पलंग मावला. खिडकीला पडदा सुनेने लावला. बरा लावला.

शनिवार, २३ तारीख

आली.

दोन बॅगा आणि एक छत्री. दारातच भिंतीकडे बघून, "हा रंग कुणी निवडला?"

"मी," सून म्हणाली.

"हं."

मग माझ्याकडे. आपादमस्तक. मी वाळलेय, ती सुटलीय. "बोलत नाहीस? फोनवर तर चांगली बोलत होतीस." मी गळ्यावरच्या पट्टीकडे बोट केलं. पुन्हा "हं." तिच्या एका "हं"मध्ये चार पानं शिव्या मावतात, ही कला तिची जुनी.

जेवल्यावर ती ताट तसंच ठेवून उठली. चिठ्ठी लिहिली — जावूबाई, आपलं ताट आपन उचलायचं. तिने चष्मा लावला, वाचली, पेन मागितलं, माझ्या चुका दुरुस्त करून चिठ्ठी परत दिली. आणि ताट उचललं.

मंगळवार, २६ तारीख

डॉक्टरने परवानगी दिली. "बोला, आजी, हळूच." बोलले.

जे बाहेर आलं ते दाराची बिजागरी करकरावी तसं. घोगरं, फाटकं, अर्धं हवेत. डॉक्टर म्हणाला, एवढंच राहील बहुतेक. पूर्वीचा परत येणार नाही.

घरी नातीने ऐकलं, तिचे डोळे भरले. "आजी... ते यंत्रच जास्त तुझ्यासारखं वाटतं गं."

"मग जा, त्याच्या मांडीवर बस," म्हटलं.

रडता रडता हसली कार्टी.

दुकानात पाऊल टाकलं तोच वकिलाचा फोन. डबीच्या आधी मीच झडप घातली.

"बाईंना द्या."

"मीच बोलतेय."

"चेष्टा नको. बाईंचा आवाज मी ओळखतो."

"वकीलसाहेब, पुन्हा कोटाच्या खिशात अर्धी चघळलेली गोळी सापडली, तर कोट बाहेर ठेवीन आणि तुम्हाला वाफेवर लावीन."

तिकडचा आवाज एकदम खाली आला, "नमस्कार, आजी. बऱ्या झालात का?"

आवाज गेला तर गेला. जीभ माझी आहे!

शनिवार, ३० तारीख

थोरलीला आज सांगून टाकलं. हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. म्हटलं, "जाऊबाई, त्या दिवशी फोनवर मी नव्हते. यंत्र होतं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "मी एवढं बोलले आणि तू एकदाही मधे तोडलं नाहीस. तिथेच कळलं."

"मग आलात कशाला?"

"माझ्या पोटच्याने खऱ्या तोंडाने सांगितलं होतं, आई, तुला सोडून कुठे जाणार नाही. म्हटलं, आता खोट्या तोंडाचा शब्द कोण पाळतं ते बघू."

मी चादर ओढली. जरा जोरातच. मग लेकाला हाक मारली. खोटा आवाज ओळखणारं माणूस घरात असताना डबी कशाला? काढ ती. फोन हिच्या हाताशी ठेव. वाजला की हिनेच उचलायचा. "हो" म्हणायच्या आधी मला विचारायचं.